तू तरी शहाण्यासारखी वाग

मीरा रोड पूर्वेला शांतीनगरात असतात तसं एक घर डोळ्यांसमोर आणा. जुनी चार मजली इमारत, लिफ्ट नाही, तिसऱ्या मजल्यावर वन बीएचके. संध्याकाळचे साडेआठ वाजलेत, बाबा अजून लोकलमध्ये आहेत. आई ओट्याशी पोळ्या लाटतेय आणि दहावीतली मुलगी फ्रिजला टेकून तिला सांगतेय, की शाळेच्या खो-खोच्या संघात तिचं नाव आलंय, बाईंनी आज वर्गात सगळ्यांसमोर सांगितलं. ती अर्ध्या वाक्यात असताना आतल्या खोलीत काहीतरी आपटतं. वायफाय गेलंय आणि तेरा वर्षांच्या भावाने रिमोट भिंतीवर फेकलाय. आई गॅस बारीक करते आणि पिठाच्या हातानेच आत धावते. ओरडणं, रडणं, 'हळू, खालच्या काकू ऐकतायत', मग दार आपटल्याचा आवाज. वीस मिनिटांनी ती घाम पुसत बाहेर येते, तेव्हा तव्यावरची पोळी उलटलेली असते आणि उरलेल्या चारही लाटून, भाजून डब्यात गेलेल्या असतात. "काय सांगत होतीस गं?" "काही नाही." आई तिच्या पाठीवर हात ठेवते आणि अगदी मनापासून म्हणते, "तू आहेस म्हणून माझं चाललंय."

मागच्या प्रकरणात आपण त्या रिमोट फेकणाऱ्या मुलाबद्दल बोललो. त्याचा राग कुठून येतो, त्यामागे अतिचंचलता असेल, अध्ययन अक्षमता असेल, शाळेत होणारी छळवणूक असेल किंवा नैराश्य असेल, हे सगळं पाहिलं. तो मुलगा वाईट नाही, अडचणीत आहे, हे इथेही विसरायचं नाही. पण हे प्रकरण पोळ्या भाजणाऱ्या मुलीचं आहे. पालकांच्या बैठकीत तिचा विषय कधी निघत नाही. शाळेतून तिच्यासाठी फोन येत नाही. नातेवाईक विचारतात तेव्हा आईबाबा म्हणतात, "तिची काही काळजी नाही." या वाक्याने मला नेहमी धडकी भरते.

अशा मुलांना इंग्रजीत 'ग्लास चाइल्ड' म्हणतात, काचेचं मूल. ते नाजूक असतं म्हणून नव्हे. आईबापांची नजर त्याच्या आरपार जाते आणि पलीकडे बसलेल्या भावंडावर थांबते, म्हणून काचेचं. आपल्याकडे त्याला वेगळं नाव आहे. आपण त्याला समजूतदार म्हणतो.

आपल्या घरातली काही वाक्यं जरा थांबून ऐकायला हवीत. 'तू तरी शहाण्यासारखी वाग.' यातला 'तरी' फार काही बोलून जातो. एकाकडून आशा सोडली आहे, आता तुझ्यावर भिस्त, आणि तूही बिघडलीस तर आमच्याकडे काही उरणार नाही, एवढं सगळं त्या दोन अक्षरांत भरलेलं असतं. दुसरं वाक्य, 'जरा सांभाळून घे.' सांभाळणं वेगळं आणि सांभाळून घेणं वेगळं. मूल सांभाळतात, दुकान सांभाळतात, त्या कामाला वेळ असतो, सुट्टी असते. सांभाळून घेणारा मात्र झालेला तोटा गुपचूप स्वतःच्या अंगावर घेतो. चौदा-पंधरा वर्षांच्या मुलीला आपण दिवसातून चार वेळा हे सांगत असू, तर वर्षाच्या शेवटी तिच्या अंगावर किती साचलं असेल? आणि ते ती कुणाला दाखवणार?

हे ओझं सगळ्या गावांत असतं, पण मीरा-भाईंदरसारख्या शहरात ते अधिक दाटतं असं मला वाटतं. हे शहर फार लवकर वाढलं. १९८५ साली इथे नगरपरिषद झाली, २००२ साली महानगरपालिका. २०११च्या जनगणनेत लोकसंख्या आठ लाख नऊ हजारांच्या वर होती. मिठागरं आणि खाडीच्या मधल्या पट्ट्यात इमारतींच्या रांगा उभ्या राहिल्या आणि कोकणातून, घाटावरून, गुजरात-राजस्थानातून, उत्तर प्रदेशातून आलेली माणसं त्यांत राहू लागली. त्यातली कितीतरी घरं चार माणसांची आणि एका दाराची. गावी भाऊ बिथरला की बहीण दप्तर उचलून काकूकडे झोपायला जायची, आणि काकूही कशाला आलीस असं विचारायची नाही. उत्तन, डोंगरीच्या जुन्या गावठाणांत आजही मामाचं घर हाकेच्या अंतरावर असू शकतं. सेक्टरमधल्या इमारतीत भिंतीपलीकडच्या लोकांना आपल्या घरातला प्रत्येक शब्द ऐकू येतो, पण त्यांच्याकडे झोपायला जाता येत नाही. मग ती मुलगी जिन्यात बसते. अभ्यासिकेत बंद होईपर्यंत थांबते. क्लास सुटल्यावर मैत्रिणीला स्टेशनपर्यंत सोडायला जाते आणि पुन्हा एकटी चालत येते. आईला वाटतं, हिला हल्ली बाहेरचंच फार.

घरात नेमकं काय घडत असतं, हे समजून घ्यायला एका माणसाच्या कामाची मदत होते. अमेरिकेतल्या ओरेगन राज्यात जेराल्ड पॅटरसन नावाच्या मानसशास्त्रज्ञाने कुटुंबांच्या घरी जाऊन, माणसं एकमेकांशी क्षणाक्षणाला कशी वागतात याच्या नोंदी घेतल्या. १९८२ साली त्याचं त्यावरचं पुस्तक आलं. त्याचं म्हणणं थोडक्यात असं : आई मुलाला मोबाइल ठेवायला सांगते. मूल कुरकुरतं. आई पुन्हा सांगते, मूल ओरडतं. आई आवाज चढवते, मूल वस्तू फेकतं. आई दमते आणि म्हणते, "जा, कर काय करायचं ते." क्षणभर घर शांत होतं. त्या शांततेत मुलगा शिकला, की वस्तू फेकली की मोबाइल मिळतो. आई शिकली, की सोडून दिलं की शांतता मिळते. दोघांनाही बक्षीस मिळालं, म्हणून दोघंही उद्या तेच करणार, आणि उद्याची सुरुवात ओरडण्यापासूनच होणार. पॅटरसनने पुढे हेही मांडलं, की भावंडं या खेळाच्या बाहेर नसतात, तीही त्याच गाडीतले प्रवासी असतात.

आता त्या गाडीत आपली मुलगी काय शिकते ते पाहा. तिने एकदाच सांगितलं, हळू आवाजात सांगितलं, आणि तिचं काम झालं नाही. म्हणजे या घरात नीट बोलण्याची किंमत शून्य आहे. मग तिच्यापुढे दोन वाटा उरतात. एक तर तीही आवाज चढवायला शिकते, आणि आपण कपाळाला हात लावतो की आता हिलाही वारं लागलं. नाही तर ती मागणंच सोडून देते. दुसरी वाट आपल्याला सोयीची असते, म्हणून ती आपल्या लक्षातच येत नाही. एखादं पंधरा वर्षांचं मूल महिनोन्‌महिने काहीच मागत नसेल, वाद घालत नसेल, दिलेल्या बुटांवर, दिलेल्या क्लासवर, दिलेल्या कोपऱ्यावर खूश असेल, तर आनंदून जाऊ नका. त्या वयाचं ते लक्षण नाही. आणि अधूनमधून पोट दुखत असेल, एका मार्काने रडू येत असेल, मैत्रिणी घरी येणं बंद झालं असेल, तर ते बोलणंच समजा.

म्हणून पहिलं काम अगदी साधं आहे. हळू आवाजात मागितलेली गोष्ट आधी द्यायची. सगळं द्यायचं असं नाही, पण ऐकायचं आधी तिचं. आत काही आपटलं तरी, कुणाला इजा होत नसेल तर, "एक मिनिट, मी ताईशी बोलतेय" एवढं मोठ्याने म्हणून तिचं वाक्य पुरं होऊ द्यायचं. यात मुलाचंही भलं आहे. आपटलं की आई धावत येते, हा धडा त्याच्याही आयुष्याला घातक आहे.

खर्च, वेळ, सवलती यांत दोन मुलांना एकसारखं वागवणं अशा घरात शक्यच नसतं, आणि पालकांना त्याचीच टोचणी असते. एकाच्या थेरपीला दर आठवड्याला पैसे जातात, दुसरीची सहल राहते. एकाला आठ वाजता उठलं तरी चालतं, दुसरीने सहाला उठून दूध आणायचं. इथे एक दिलासा देणारी गोष्ट सांगतो. १९९७ साली अमेरिकेतल्या इलिनॉय विद्यापीठाच्या अमांडा कोवाल आणि लॉरी क्रेमर यांनी अकरा ते तेरा वर्षांच्या मुलांना विचारलं, की आईबाबा तुम्हा भावंडांना कुठे वेगळं वागवतात आणि ते तुम्हाला कसं वाटतं. फरक मुलांना दिसत होते, पण बहुतेक वेळा त्यांना ते अन्यायाचे वाटत नव्हते, कारण फरकामागचं कारण त्यांना दिसत होतं. तो लहान आहे, त्याला गरज आहे. कारण दिसलं नाही किंवा पटलं नाही, तिथे मात्र सल राहत होता. मुलं वाटा मोजत बसत नाहीत, कारण शोधत असतात.

आणि आपण नेमकं कारणच सांगत नाही. मुलगा बोरिवलीच्या डॉक्टरांकडे जातो, फाइल कपाटात वरच्या कप्प्यात ठेवली जाते, मुलीला सांगितलं जातं की त्याला ॲसिडिटी आहे. पंधरा वर्षांच्या मुलीला हे खरं वाटत नाही, ती औषधाचं नाव मोबाइलवर शोधते आणि एकटीच वाचत बसते. तिला सांगायला हवं. "तुझ्या भावाला एडीएचडी, म्हणजे अतिचंचलता आहे. राग आला की थांबण्याचा ब्रेक त्याच्या मेंदूत उशिरा लागतो. औषध आणि समुपदेशन सुरू आहे, बरं वाटायला वेळ लागेल. तो तुला मारतो ते चूकच आहे, आजाराने ते बरोबर ठरत नाही. आणि हे तुझ्यामुळे झालेलं नाही." शेवटची दोन वाक्यं अजिबात गाळू नका. पहिल्या वाक्यांनी कारण कळतं, पण त्यातून तिचा समज होऊ शकतो की आता मला तक्रारीचाही हक्क नाही.

निदानाचं नाव लावण्याची भीती अनेक घरांना वाटते. २०१६चा दिव्यांग व्यक्तींच्या हक्कांचा कायदा एकवीस प्रकारच्या दिव्यांगता मानतो, त्यात स्वमग्नता, अध्ययन अक्षमता आणि मानसिक आजारही आहेत. निदान झालं, प्रमाणपत्र मिळालं, की शाळेत आणि बोर्डाच्या परीक्षेत सवलतीचं दार उघडतं. पण मला इथे त्याचा दुसरा उपयोग दाखवायचा आहे. निदान होईपर्यंत घरात दोनच शब्द असतात, 'वाया गेलेला' आणि 'गुणी'. निदानाने ही जोडी मोडते. भाऊ वाया गेलेला नसेल, तर बहिणीलाही गुणीपणाचं पद अडवून बसायची गरज उरत नाही.

'तारे जमीन पर' हा २००७ सालचा चित्रपट आपल्यातल्या बहुतेकांनी पाहिलाय. अध्ययन अक्षमता असलेल्या इशानसाठी आपण रडलो. आता पुन्हा पाहाल तेव्हा त्याच्या थोरल्या भावाकडे, योहानकडे पाहा. अभ्यासात पुढे, टेनिस खेळणारा, आईबाबांच्या सगळ्या आशा वाहणारा. शाळा बुडवलेल्या धाकट्याला गैरहजेरीची चिठ्ठीही तोच लिहून देतो. म्हणजे घराचा अभिमान त्याच्या एका खांद्यावर आणि भावाचं गुपित दुसऱ्या खांद्यावर. अशी गुपितं पुष्कळ घरांत असतात. थोरला भाऊ पितो, नशा करतो, बहिणीच्या पर्समधले क्लासचे पैसे नेतो आणि ती आईला सांगते, माझ्याकडूनच हरवले. भावाने मार खाऊ नये म्हणून ती खोटं बोलते. हे कळलं तर आधी तिच्यावर चिडू नका. तिला एवढंच सांगा, की हे गुपित ठेवायचं काम आता तुझं नाही. व्यसनाच्या बाबतीत जगाने हे फार पूर्वी ओळखलं. १९५७ साली अमेरिकेत अलाटीन नावाचे गट सुरू झाले, ते पिणाऱ्यांसाठी नव्हते, त्यांच्या घरातल्या किशोरवयीन मुलांसाठी होते.

मराठीत या विषयावरचं मला सर्वांत जवळचं वाटणारं काम म्हणजे सुमित्रा भावे आणि सुनील सुकथनकर यांचा २००४चा 'देवराई'. स्किझोफ्रेनिया झालेला शेष अतुल कुलकर्णींनी केला आणि त्याची बहीण सीना सोनाली कुलकर्णींनी. भावाला घरी आणणारी, संसार आणि भाऊ यांत ताणली जाणारी बहीण तिथे पहिल्यांदा इतक्या प्रेमाने दिसली. या चित्रपटामागे डॉ. जगन्नाथ वाणी यांची खटपट होती. कॅनडातल्या कॅलगरीत प्राध्यापक असलेल्या वाणींच्या घरातच हा आजार होता. १९९७ साली त्यांनी पुण्यात स्किझोफ्रेनिया अवेअरनेस असोसिएशन सुरू केली आणि तिथे रुग्णांबरोबर कुटुंबीयांचेही स्वमदत गट चालू लागले. आजार एकाला होतो, पण बसायला जागा घरातल्या सगळ्यांना लागते, हे त्यांना स्वतःच्या अनुभवातून कळलं होतं.

आणखी मागे जायचं तर ताटीचे अभंग आहेत. रागावून दार लावून बसलेल्या ज्ञानेश्वरांची समजूत त्यांची धाकटी बहीण मुक्ताबाई काढते. ही गोष्ट मला अतोनात प्रिय आहे. पण आपण आईबापांनी तिचा आधार घेऊन, दार लावून बसलेल्या मुलाकडे धाकटीला पाठवू नये. "तूच जा, तुझं ऐकतो तो." एकदा ऐकलं असेल, म्हणून ते तिचं कायमचं काम होत नाही. ती चारही भावंडं आईवडिलांविना होती. आपल्या मुलांना आपण आहोत.

कुटुंबोपचारतज्ज्ञ साल्वादोर मिनुचिन यांनी १९६०च्या दशकात न्यूयॉर्कच्या गरीब वस्त्यांतल्या कुटुंबांवर काम करताना पालकाची जागा घेणाऱ्या मुलाचं वर्णन केलं. त्यांचं म्हणणं आपल्याकडच्या घरांना नीट लागू पडतं, कारण त्यांनी मुलांनी मदत करण्याला दोष दिला नाही. आईबाप दोघंही कामावर जाणार, तर मोठं मूल धाकट्याला पाहणारच. प्रश्न असतो तो काम नेमकं वाटून दिलंय की नाही, आणि ते त्या वयाला पेलणारं आहे की नाही, याचा. "साडेसहापर्यंत भावाला खायला दे, मी आले की तू मोकळी" हे काम आहे, ते संपतं. "त्याच्याकडे लक्ष ठेव" हे संपत नाही. त्याला औषध देणं, तो चिडला तर आवरणं, बाबा आले की आजचं काय सांगायचं आणि काय लपवायचं हे ठरवणं, ही कामं कुठल्याही पंधरा वर्षांच्या मुलाची नाहीत. आणि हे मुलींच्याच वाट्याला जास्त येतं, हे आपण प्रामाणिकपणे कबूल करू या. तिच्या जागी मुलगा असता तर त्याला आपण ग्राउंडवर जाऊ दिलं असतं.

आता मारहाणीबद्दल, आणि इथे मला शब्द मऊ करायचे नाहीत. 'भावंडांची भांडणं, चालायचंच' हे खरं असतं, जेव्हा दोघंही कधी जिंकतात कधी हरतात आणि तासाभराने एकत्र टीव्ही पाहतात. एकच जण नेहमी घाबरलेला असेल, भावाच्या पावलांचा आवाज ऐकून पुस्तक मिटत असेल, आंघोळीला जाताना मोबाइल बरोबर नेत असेल, तर ते भांडण नाही. अशा घरात तिला आतून कडी लागणारी एक जागा हवी, एक कुलपाचा कप्पा हवा. घर लहान असेल तर कपाटाचा एक खण द्या, पण किल्ली तिच्याच हातात असू दे. भाऊ हात उचलेल तेव्हा तिने काय करायचं हे आधी ठरलेलं हवं : वाद घालायचा नाही, बाहेर पडायचं, दोन मजले खाली अमक्या मावशींकडे जायचं, मला फोन करायचा. त्या मावशींना आधी विश्वासात घ्या. लाज वाटेल, तरी घ्या, त्यांना भिंतीतून सगळं ऐकू येतच असतं. जिवाला धोका वाटला तर ११२, आणि मुलांसाठी १०९८ हा नंबर चोवीस तास चालतो. लैंगिक छळाची शंका आली तर मुलगी सांगेल त्यावर विश्वास ठेवा. २०१२च्या पॉक्सो कायद्याप्रमाणे असा गुन्हा कळल्यावर पोलिसांना कळवणं बंधनकारक आहे. घरातल्या घरात मिटवण्याचा रस्ता कायद्याने ठेवलेला नाही, आणि ठेवायलाही नको होता.

राग ऐकून घेणं हे पालकांना मला वाटतं सर्वांत जड जातं. मुलगी एक दिवस म्हणते, "मला तो आवडत नाही. तो नसता तर बरं झालं असतं." आपल्या तोंडून लगेच निघतं, "असं बोलू नये, सख्खा भाऊ आहे." दार बंद. पुन्हा ती बोलणार नाही. त्याऐवजी हातातलं काम ठेवून विचारा, "आज काय झालं?" बहुतेकदा एखादी बारीक गोष्ट निघते. त्याने तिच्या जर्नलवर पाणी सांडलं, मैत्रिणीसमोर तिला शिवी दिली. ते ऐकून झाल्यावर "मलाही कधीकधी फार वैताग येतो" असं म्हणता आलं तर म्हणा. भावावरचं प्रेम याने कमी होत नाही. राग बोलता आला की त्याच्याखाली दबलेलं प्रेम वर यायला जागा मिळते. आणि भाऊबीजेला, आदल्या दिवशी ज्याने केस ओढले त्याला ओवाळायला लावून, पाटाजवळ हसरा फोटो काढू नका. तिला म्हणा, ओवाळायचं असेल तेव्हा ओवाळ. संध्याकाळी ओवाळेल, पुढच्या वर्षी ओवाळेल. नात्याचा सण नातं जबरदस्तीचं करायला वापरला, तर सणही जातो.

वेळ कुठून आणायचा, हे सगळे पालक विचारतात. रोज चर्चगेटपर्यंत जाऊन येणाऱ्याचा प्रश्न खरा आहे. मी म्हणतो, रोज नको, आठवड्यातून एकदा अर्धा तास, पण तो मोडायचा नाही. रविवारी सकाळी साडेसहाला भाईंदरच्या जेसल पार्क चौपाटीवर बाबा आणि मुलगी. खाडीवरून वसईकडे जाणाऱ्या गाड्या दिसतात, चालणारी माणसं असतात, चहा मिळतो. नियम एकच, भावाचं नाव काढायचं नाही. पहिले दोन-तीन रविवार तुम्हाला कळेल, की आपल्याकडे तिच्याशी बोलायला दुसरा विषयच नाही. तिथून सुरुवात करा. तिला कुठली गाणी आवडतात, खो-खोत ती पोलवर असते की मध्ये बसते, हे माहीत नसेल तर विचारा. भावाने शनिवारी रात्री कितीही गोंधळ घातला असला तरी रविवारचा अर्धा तास तिचाच. तो बुडाला की ती काय ते समजते.

एक प्रश्न ती कधीच विचारणार नाही, म्हणून तो आपणच काढायला हवा. 'तुमच्यानंतर याचं मीच करायचं ना?' हा प्रश्न ती दहा-बारा वर्षांची असल्यापासून तिच्या मनात असतो, आणि आपण "तुला तोच आहे, त्याला तूच आहेस" असं म्हणून त्यावर शिक्का मारतो. तिने पुण्याच्या किंवा दूरच्या कॉलेजचा फॉर्म भरला, तर त्यात महत्त्वाकांक्षा असेलच, पण श्वास घ्यायची इच्छाही असू शकते. जाऊ द्या. अपराधी वाटून राहिलेली बहीण भावाला आधार देत नाही. भावाला कायमची बौद्धिक अक्षमता, स्वमग्नता, सेरेब्रल पाल्सी किंवा बहुविकलांगता असेल तर १९९९चा राष्ट्रीय न्यास कायदा माहीत करून घ्या. अठरा वर्षांनंतरच्या कायदेशीर पालकत्वाची सोय त्यात आहे, न्यासाची 'निरामय' योजना एक लाख रुपयांपर्यंतचं आरोग्य संरक्षण देते. बचत, विमा, मृत्युपत्र, कोण नातेवाईक कुठलं काम करील, हे कागदावर आणा आणि ती सोळा-सतरा वर्षांची झाली की तो कागद तिला दाखवा. "तुला वाटलं तर तू यात असशील, आणि किती ते तू ठरवशील" हे वाक्य तिने तुमच्या तोंडून ऐकलेलं असू दे.

समुपदेशकाकडे मुलगा जात असेल तर वर्षातून दोन-तीन वेळा तिलाही न्या, पण भावाची माहिती सांगणारी साक्षीदार म्हणून नको, स्वतःसाठी. अमेरिकेत डॉन मायर यांनी विशेष मुलांच्या भावंडांसाठी 'सिबशॉप' नावाचे मेळावे सुरू केले, त्यात खेळ आणि गप्पाच जास्त असतात, कारण त्या मुलांना आधी हे कळायला हवं असतं की असं घर फक्त आपलंच नाही. आपल्याकडे असा गट सापडला नाही तरी निदान एक मोठं माणूस तिच्या बाजूचं हवं, आत्या, क्लासच्या बाई, खो-खोचे सर. ठाण्यात डॉ. आनंद नाडकर्णी यांनी १९९० साली सुरू केलेली आयपीएच ही मानसिक आरोग्याची संस्था कुटुंबांसोबत काम करते. काशीमिऱ्याहून घोडबंदर रस्त्याने तिथे जाता येतं.

आणि प्रवास जमणार नसेल, किंवा तिला घरात कुणाला न सांगता बोलायचं असेल, तर सरकारची टेली-मानस ही सेवा आहे. १० ऑक्टोबर २०२२ला ती सुरू झाली. नंबर १४४१६, पैसे पडत नाहीत, चोवीस तास चालते, मराठीतही बोलता येतं. हा नंबर तुम्ही मुलासाठी कधीच लिहून घेतला असेल. आज तो मुलीच्या मोबाइलमध्येही घाला, आणि तिला सांगा की हा तुझ्यासाठी आहे.